शारजाची सममिती, पवईची मोजदाद

शारजाच्या युनिव्हर्सिटी सिटीत अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजा सुरू झाली १९९७ साली. तर्काची कोडी यंत्राकडून सोडवून घेण्याचं शास्त्र तेव्हा नुकतंच कात टाकत होतं. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत या शास्त्राने मोठी मजल मारली. यंत्रं वेगवान झाली हे खरं, पण खरी कमाई निराळी आहे. कशाकडे बघायचंच नाही, हे यंत्राला सांगता येऊ लागलं. शारजाचा त्यात वाटा आहे, आणि आपल्या पवईचाही.

मूळ प्रश्न दिसायला साधा. काही चलं घ्यायची; प्रत्येक एक तर खरं, नाही तर खोटं. त्यांच्यावर अटी घालायच्या. सगळ्या अटी एकदम पाळणारी एक तरी मांडणी आहे का? या प्रश्नाला ‘सॅट’ म्हणतात. चलं नुसती शंभर असली तरी मांडण्यांची संख्या एकतीस आकडी होते. एकेक तपासत बसायची सोय नाही. डेव्हिस आणि पटनम यांनी १९६० साली, आणि डेव्हिस, लॉगमन व लव्हलँड यांनी १९६२ साली यावर पद्धतशीर शोध बसवला. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये हा प्रश्न किती मूलभूत आणि अवघड आहे ते दाखवलं. पुढची बरीच वर्षं त्याचं नाव निघालं की अभियंते हात वर करत.

कोंडी फुटली मिशिगन विद्यापीठात. जुआओ मार्केश-सिल्वा आणि करीम साकल्ला यांच्या ‘ग्रास्प’ या प्रोग्रामने १९९६ साली यंत्राला चुकांवरून शिकायला लावलं. वाट खुंटली की नुसतं मागे फिरायचं नाही. का खुंटली ते शोधून तेवढी एक नवी अट लिहून ठेवायची, म्हणजे तीच चूक पुन्हा होत नाही. २००१ साली प्रिन्स्टनच्या शरद मलिक यांच्या गटातून ‘चॅफ’ आला आणि या कल्पनेला वेग मिळाला.

तरी एक खोड उरलीच. अकरा कबुतरं दहा खणांत, एका खणात एकच, अशी बसवा म्हटलं तर शाळकरी पोरही ‘जमणार नाही’ म्हणेल. यंत्र मात्र पहिलं कबुतर इथे, दुसरं तिथे करत अडकून पडतं. कबुतरं वाढतील तसा या पद्धतीचा पुरावा भयानक वेगाने लांबत जातो, हे आर्मिन हाकेन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं. कारण उघड आहे: सगळी कबुतरं सारखीच, हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नसतं.

साकल्लांकडे २००३ साली पीएचडी पूर्ण करणारे फादी अलूल नेमके या सारखेपणाच्या मागे लागले. तेच पुढे शारजाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. इगोर मार्कोव्ह आणि साकल्ला यांच्यासह त्यांनी केलेला ‘शॅटर’ अटींच्या यादीचं आधी एका आलेखात रूपांतर करतो. आलेखातले कोणते बिंदू आपसात बदलले तरी आलेख जसाच्या तसा राहतो, ते शोधतो. मग वरून जादा अटी घालतो: एकमेकींची नक्कल असलेल्या मांडण्यांपैकी क्रमाने पहिली येणारी तेवढी बघ, बाकीच्या सोड. कल्पना १९९६ साली क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली होती, पण या जादा अटींचाच पसारा इतका व्हायचा की औषधापेक्षा पथ्य जड. अलूल आणि मंडळींनी तो पसारा आटोक्यात आणला.

शारजात हे ज्ञान कामाला लागलं. असीम सगहैरून आणि अलूल यांनी २००७ साली सर्किट जास्तीत जास्त किती वीज खाईल, हा प्रश्न सॅटच्या भाषेत मांडला: कोणता इनपुट बदलला की सर्वाधिक गेट एकदम पलटतील? त्याच वर्षी विद्यापीठाचं तासांचं वेळापत्रक होय-नाहीच्या चलांत बसवण्याचं कामही अलूल यांच्या नावावर आहे. एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्गांवर धाडता येत नाही, एका खोलीत दोन तुकड्या कोंबता येत नाहीत. या सगळ्या शेवटी अटीच. १ जानेवारी २०२२ पासून शारजाने चार दिवसांचा आठवडा स्वीकारला, तेव्हा वेळापत्रकाचा हा प्रश्न तिथल्या शाळाशाळांत जाऊन बसला.

वेळापत्रक लावणाऱ्याला आणखी एक गोष्ट हवी असते. उत्तर आहे एवढं कळून भागत नाही. उत्तरं किती आहेत? एकच असेल तर एका शिक्षकाची रजा सगळा डोलारा पाडते. हजारो असतील तर निभावतं.

मोजण्याची हौस आपल्याकडे जुनी. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांच्या घराण्याचं नातं आहे त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विचारलं: शंभूच्या दहा हातांत दहा वस्तू किती परींनी देता येतील? उत्तर ३६,२८,८००; एकही मूर्ती न घडवता, नुसत्या गुणाकाराने. पण अटी आल्या की गुणाकार हात टेकतो. सारखेपणाची युक्तीही इथे जपून वापरावी लागते. रोजच्या वर्तमानपत्रातलं सुडोकू घ्या. भरलेले वेगवेगळे चौकोन ५४७ कोटी २७ लाख ३० हजार ५३८. आकडे किंवा ओळी अदलून होणाऱ्या नकला धरल्या तर हीच संख्या बावीस आकडी होते. नुसता ठरावीक गुणाकार करूनही ती मिळत नाही, कारण काही चौकोन अदलाबदलीनंतरही पुन्हा तेच राहतात. एक उत्तर शोधताना नकला टाकून द्याव्यात. मोजताना त्यांचा हिशेब चुकवावा लागतो.

लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये दाखवलं की मोजणं हे शोधण्याहूनही कठीण असू शकतं. वाट अंदाजातून निघाली. पवईच्या आयआयटी मुंबईचे सुप्रतीक चक्रवर्ती, तिथेच शिकलेले कुलदीप मील आणि राइस विद्यापीठाचे मोशे वार्डी यांनी २०१३ साली ‘अप्रॉक्सएमसी’ मांडला. निम्मी-अर्धी चलं नाणेफेकीने निवडायची आणि अट घालायची: यातली खरी ठरणारी चलं सम असावीत, किंवा विषम. अशा एका अटीने उत्तरं साधारण निम्मी होतात. दहा अटींनंतर चाळीस उरली, तर मूळ संख्या ४० गुणिले १०२४, म्हणजे ४०,९६० च्या आसपास. चूक किती आणि खात्री किती, याची हमी गणित देतं. मुळातली कल्पना स्टॉकमायर यांची, १९८३ सालची. ती चालवता येईल असे सॉल्व्हर, म्हणजे सॅट सोडवणारे प्रोग्राम, हाताशी यायला तीन दशकं जावी लागली. २०१७ साली वीजवाहिन्यांचं जाळं किती भरवशाचं आहे, हेही याच मार्गाने मोजलं गेलं.

आज सॉल्व्हर लाखो चलांच्या कोड्यांना हात घालतात, तरी कुक यांनी दाखवलेला अवघडपणा जागेवरच आहे. माणसं आणतात ती कोडी सर्वांत वाईट नसतात. त्यांत सारखेपणा असतो, रचना असते, म्हणून ती सुटतात, असं म्हणतात. पण ती रचना नेमकी कोणती, याचं पुरतं उत्तर सिद्धांताकडे अजून नाही. गेल्या पंचवीस वर्षांत कारागिरी शास्त्राच्या पुढे निघून गेली. आता पाळी शास्त्राची.