मिठाच्या कणाचा विसहजारावा भाग

घरात कुणाला सोरायसिस असेल तर सकाळी उठल्यावर पहिलं काम असतं चादर झटकण्याचं. पांढऱ्या पापुद्र्यांचा सडा पडलेला असतो. निरोगी माणसाची कातडीही झडतेच. पण तिच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळायला साधारण 28 दिवस लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास 3 ते 5 दिवसांत उरकतो. वर्षाला जेमतेम 13 वेळा टाकायची कात 90 वेळा टाकली जाते. पेशींना पिकायला सवडच मिळत नाही. त्या कच्च्याच, एकमेकींना चिकटलेल्या वर येतात आणि खपल्या होऊन सुटतात.

एवढी घाई त्यांना लावतं कोण? बराच काळ दोष कातडीलाच दिला जाई. 1979 मध्ये सांधेदुखीच्या काही रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या सोरायसिसवाल्यांचे चट्टेही विरू लागले. हे औषध रोगप्रतिकारक पेशींना शांत करणारं. मग नजर तिकडे वळली. आपल्या कातडीत सुमारे 2000 कोटी टी-पेशी राहतात, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट! त्यांतल्या काहींना इंटरल्यूकिन-23 चा निरोप मिळाला की त्या इंटरल्यूकिन-17 सोडतात, आणि तो रेणू पोचला की कातडीच्या पेशी भराभर वाढू लागतात.

हा रेणू असतो तरी किती? निरोगी रक्तात तो मिलिलिटरमागे एका पिकोग्रॅमहूनही कमी सापडतो. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हिशेबासाठी मिलिलिटरला 1 पिकोग्रॅम धरू. शरीरातल्या 3 लिटर रक्तद्रवात मिळून झाले 3 नॅनोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण 60,000 नॅनोग्रॅमचा असतो. त्या कणाचे वीस हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे अख्ख्या रक्तातला हा साठा. आणि तरीही त्यात रेणू भरतात सुमारे 6000 कोटी, कारण एका पिकोग्रॅममध्येच जवळजवळ 2 कोटी रेणू मावतात. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला, तरी मनाला पटायला वेळ लागला.

त्याला अडवायला आपण काय पाठवतो तेही पाहा. 2015 मध्ये मान्यता मिळालेल्या सेक्युकिनुमॅब या प्रतिपिंड-औषधाची नेहमीची मात्रा 300 मिलिग्रॅम. तिच्यात प्रतिपिंडांचे रेणू असतात 12 वर 17 शून्यं, म्हणजे आपल्या हिशेबातल्या दर शत्रूमागे 2 कोटी पहारेकरी. उधळपट्टी वाटते, पण नाही. टी-पेशी रोज नवे रेणू सोडत असतात, प्रतिपिंडांना कातडीपर्यंत झिरपायचं असतं आणि एका सुईवर महिनाभर टिकायचं असतं.

मग रक्त तपासून आजार किती तीव्र ते कळेल का? इथे रेणू चकवतो. तो सुटतो तिथेच, शेजारच्या पेशींवर काम करतो. रक्तात उतरतो तो नुसता ओघळ. म्हणून डॉक्टर आजही डोळ्यांनीच मोजतात. रुग्णाचा बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का. लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती यांना गुण देऊन 0 ते 72 असा आकडा काढतात. हे तळवे मोजताना एक गोष्ट मात्र कुणी मोजत नाही: त्याच अंगाला हात लावायला कचरणारी माणसं. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तरीही ती कचरतात, याचा मला राग येतो.

रक्तात या तीव्रतेशी चांगला मेळ खाणारा एक रेणू आहे, बीटा-डिफेन्सिन-2. इंटरल्यूकिन-17 च्या हुकमाने कातडीच्या पेशीच तो बनवतात. जर्मनीतल्या कील शहरात संशोधकांनी तो 1997 मध्ये जगापुढे आणला. सापडला होता तो सोरायसिसच्या रुग्णांच्या अंगावरून गोळा केलेल्या खपल्यांत, सकाळी चादरीवरून झटकून टाकतात त्याच.