मालमोटारीच्या कमानी : पाटा वाढविण्यापूर्वी

नायगाव तालुक्यातील काळी जमीन पिकाला जितकी उपकारक, तितकीच रस्त्याला जाचक आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता थोड्याच काळात वरखाली होतो. सोयाबीन व कापूस काढणीच्या दिवसांत शेतावर भरलेली मोटार अशाच वाटेने नरसी-नायगावच्या मोठ्या रस्त्याला लागते. वाटेतील हादरे सोसण्याचे काम तिच्या कमानींचे होय. गाडी मागे बसू लागली किंवा वळणावर कलू लागली, की मालक कारागिराला दोन पाटे वाढविण्यास सांगतो. हा उपाय केव्हा योग्य व केव्हा घातक, हे आधी समजून घेणे अवश्य आहे.

कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या टोकांना वळवून डोळे केलेले असतात व त्यांच्याद्वारे कमान गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते. खालचे पाटे क्रमाने आखूड असतात. चाक आदळले म्हणजे पाटे वाकतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्याने उसळी काहीशी शमते. (बैलगाडीला बहुधा कमान नसते, तेथे हादरा माल सोसतो आणि बैलांची मान सोसते.)

आठ पाट्यांच्या कमानीत त्याच जाडीचा एक पाटा वाढविला, तर ताठपणा सुमारे एकअष्टमांशाने वाढतो. पाट्याची जाडी एकदशांशाने वाढविली, तर मात्र त्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ एकतृतीयांशाने वाढतो. कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असतो. म्हणून भंगारातील दुसऱ्या गाडीचा जाड पाटा मध्ये घालणे इष्ट नव्हे. असा पाटा आपल्या वाट्याहून अधिक भार ओढून घेतो व पुष्कळदा तोच प्रथम तुटतो. तुटलेला पाटा वितळजोड करून पुन्हा बसविणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. जोडाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा जोडाशेजारीच मोडतो.

पुष्कळदा कमान अपुरी नसते, ती थकलेली असते. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वर सांगाड्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. टायरमधील हवा सारखी असूनही एक बाजू स्पष्टपणे खाली असेल, तर त्या बाजूची कमान प्रथम तपासावी. पाट्यांमध्ये चिखल व गंज साचला आहे काय, डोळ्यातील बुश झिजला आहे काय, मधला बोल्ट तुटून धुरा सरकला आहे काय, हेही पाहावे. धुरा सरकलेली गाडी मागून पाहता तिरकी चालताना दिसते. अशा गाडीला नवा पाटा नव्हे, दुरुस्ती हवी.

कमान सुस्थितीत असून भारापुरताच आधार हवा असेल, तर मुख्य कमानीच्या वर बसणारी मदतनीस कमान अधिक सोयीची. गाडी रिकामी असता ती टेकत नाही. गाडी भरून खाली बसली म्हणजेच भार घेते. सरसकट ताठ केलेली गाडी रिकामी परतताना उसळते, चाके रस्ता सोडतात आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ब्रेकची आहे. काही पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार ठरविणारी झडप असते. गाडी किती बसली यावरून तिला भार कळतो. पाटे वाढविल्याने गाडी बसलीच नाही, तर ती झडप भरलेल्या गाडीला रिकामी समजते व मागच्या चाकांना कमी ब्रेक देते. उताराला, पूर्ण भारानिशी, याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. कमानीत बदल केल्यास ही झडप उत्पादकाच्या अधिकृत कार्यशाळेत पुन्हा जुळवून घ्यावी.

पाटे वाढले म्हणजे गाडीची क्षमता वाढली, असे होत नाही. धुरा, टायर, चाकांचे बेअरिंग व ब्रेक पूर्वीचेच राहतात. नोंदणीपुस्तकात लिहिलेले एकूण वजन हीच मर्यादा होय. जादा भारासाठी २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यात २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड सांगितला आहे. मूळ नमुन्याहून वेगळा बदल करण्यासही १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने निर्बंध घातले आहेत. आपल्या नमुन्याच्या गाडीसाठी उत्पादकाने अधिक ताकदीची कमान मान्य केली आहे काय, हे म्हणूनच आधी विचारावे.

रस्त्याचाही विचार करावयास हवा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांवरून असे दिसले, की रस्त्याची झीज धुऱ्यावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. त्या हिशेबाने भार एकपंचमांशाने वाढला की झीज दुपटीवर जाते, आणि गावचा रस्ता खचला की त्याच गाडीचे पाटे पुन्हा तुटतात.

नवी कमान बसविताना दोन्ही बाजूंस सारखेच पाटे घालावेत. जुने, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पाटे एकमेकांत बसतात व बोल्ट सैल पडतात. ते उत्पादकाने सांगितलेल्या मापाने त्याच दिवशी पुन्हा आवळावेत, आणि पुढील काही फेऱ्यांनंतर आणखी एकदा तपासावेत.