गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला तर

पालघर-बोईसरकडे घर तापवावं लागत नाही. तापवायचं ते आंघोळीचं पाणी. गिझरमधलं पाणी ठरल्या तापमानाला पोचलं की वीज तोडतो तो थर्मोस्टॅट. तो बिघडला की पाणी गार राहतं, नाहीतर उकळू लागतं. पाणी जास्तच तापलं, तर वीज तोडणारा कटआउट ही पुढची राखण. तो सारखा पडतो म्हणून काही जण तो वगळून तारा थेट जोडतात. हे अजिबात करू देऊ नका. टाकी फुटू शकते. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार चढतात, दुरुस्तीच्या वेळी तेही काढून घ्या. 2000 वॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, म्हणून नवा थर्मोस्टॅट मूळच्याच क्षमतेचा हवा. झाकण उघडण्याआधी एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा.