हँडीकॅमच्या कॅसेटमधले धवळे लिनक्सवर कसे उतरवले?

मंडळी, संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लायब्ररी, प्रश्नावली आणि गाईडची लाल शाई येते. माझ्या पीएचडीचे गेले दोन महिने मात्र एका वायरच्या शोधात गेले. तुम्ही फील्डवर जाणार असाल तर आज ना उद्या कोणीतरी जुनी कॅसेट तुमच्या हातात ठेवणारच. तेव्हा माझ्या चुका तुमच्या कामी याव्यात म्हणून हा लेख.

झालं काय?

माझा विषय आगरी लग्नातले धवळे. लग्नाचे विधी चालू असताना धवलारीण ही गाणी म्हणते. एकेका विधीचं एकेक गाणं. तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांपासून हा शब्द मराठीत आहे, पण भिवंडीच्या आसपासच्या गावांत आज पूर्ण विधी गाऊन सांगणाऱ्या बाया फार थोड्या उरल्यात. पूर्णा गावात भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली, लग्नं हॉलमध्ये गेली, डीजे आला.

तिथल्या एका काकांकडे घरच्या लग्नाची डीव्हीडी होती. मोठ्या आशेनं लावली. चित्रात धवलारीण आजी गाताहेत, ओठ हलताहेत, आणि आवाज मात्र हिंदी सिनेमातल्या गाण्याचा! मिक्सिंग करणाऱ्यानं मूळ आवाज काढून टाकला होता. त्या काळी बऱ्याच लग्नांच्या कॅसेटचं हे असंच व्हायचं. आजी आता हयात नाहीत.

मी निराश होऊन उठलो, तेवढ्यात काकी म्हणाल्या, "अरे, त्या बारक्या कॅसेटी हायेत ना कपाटात, त्या बघ की." चार मिनीडीव्ही कॅसेट आणि पुतण्याचा जुना हँडीकॅम. म्हणजे कच्चं चित्रीकरण, मूळ आवाजासकट. पहिला धडा इथेच मिळाला: तयार वस्तू मिळाली तरी कच्चा माल कुठे आहे, हे विचारल्याशिवाय उठू नका.

यूएसबी लावली, पण फक्त फोटो दिसले

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. हँडीकॅमला यूएसबीचं भोक होतं, वायर जोडली. मेमरी कार्डावरचे सात फोटो दिसले, कॅसेटचा पत्ता नाही. मला वाटलं लिनक्सचाच दोष. तसं नव्हतं. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबी ही कार्डावरच्या फोटोंसाठी, फार तर हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असायची. कॅसेटचा माल दुसऱ्या दारानं बाहेर पडतो. बाजूच्या रबरी झाकणाखाली चार पिनांचं बारीक भोक असतं, त्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं असतं. हेच फायरवायर.

फायरवायरच का? मिनीडीव्ही १९९५ साली आली. तिच्या पाव इंची फितीवर चुंबकीय रूपात अंकच लिहिलेले असतात. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र १,४४,००० बाइटचं. गुणाकार करा: सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला जवळपास १३ जीबी. फायरवायरमधून हे अंक जसेच्या तसे संगणकात येतात. म्हणजे ही शूटिंगची नक्कल नसून फाइल उतरवणं आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून घेतलं तर अंकांचा आधी ॲनालॉग सिग्नल होतो आणि मग पुन्हा अंक, त्यात दर्जा जातो.

एक इशारा. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी स्वस्त वायर ऑनलाइन मिळते. घेऊ नका. दोन्हींची भाषाच वेगळी आहे, नुसती पिन बदलून काम होत नाही. माझे तीनशे रुपये गेले.

मग जोडणी कशी केली?

१. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं. डिपार्टमेंटचा जुना डेस्कटॉप मागितला आणि लॅमिंग्टन रोडवरून पीसीआय एक्सप्रेसचं वापरलेलं फायरवायर कार्ड आणलं. वायर सहा पिन ते चार पिन. सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते आणि ते उलटं घुसवलं तर पोर्ट जळू शकतो. म्हणून दोन्ही यंत्रं बंद ठेवून जोडा.

२. संगणक चालू करून टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्या. यादीत फायरवायर कंट्रोलर दिसला म्हणजे कार्ड ओळखलं गेलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर आधीपासूनच आहे.

३. कॅमेरा ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’ मोडवर ठेवा. मी ‘कॅमेरा’ मोडवर ठेवून अख्खी संध्याकाळ घालवली. संगणकात कॅसेटऐवजी माझ्याच खोलीचं छत दिसत होतं!

४. ‘डीव्हीग्रॅब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम टाका. कॅमेरा सापडत नाही असं तो म्हणाला तर आधी परवानगी तपासा. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘एफडब्ल्यू’ नावाच्या फायली असतात: सहसा शून्य क्रमांकाची कार्डाची, एक क्रमांकाची कॅमेऱ्याची. ती फाइल वाचायचा हक्क तुमच्या युजरला नसेल तर कॅमेरा असून नसल्यासारखा. माझं घोडं इथेच अडलं होतं.

५. उतरवताना फॉरमॅट कच्चा डीव्हीच ठेवा आणि फाइल थेट आतल्या हार्ड डिस्कवर लिहा. मी आधी एका संथ बाहेरच्या डिस्कवर लिहीत होतो, तेव्हा मधली चित्रं गळत होती. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो, घाई चालत नाही.

आणि हे सगळं आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करून बघा. आपल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका, नाहीतर फीतही जाईल आणि हेडही.

तारखेची गंमत

डीव्हीमध्ये प्रत्येक चित्राबरोबर चित्रीकरणाची तारीख-वेळही लिहिलेली असते, आणि डीव्हीग्रॅब ती फाइलच्या नावात घालू शकतो. मी खूश! थेट पुरावा मिळाला. तारीख निघाली १ जानेवारीची. पण मांडवामागच्या आंब्याला तर कैऱ्या लटकलेल्या. जानेवारीत फार तर मोहोर असतो. काकींनी लग्नपत्रिका शोधून काढली: लग्न मे महिन्यातलं. कॅमेऱ्याच्या आतली बटणासारखी बॅटरी संपलेली असणार, त्यामुळे घड्याळ मूळपदावर गेलेलं.

म्हणून दुसरा धडा: यंत्रानं लिहिलेली तारीख हीसुद्धा एक साक्षच आहे, आणि साक्षीची उलटतपासणी करावी लागते. प्रबंधात मी पत्रिकेची तारीख धरली आहे आणि फरक तळटीपेत नोंदवला आहे.

एवढी घाई कशाला?

कारण फितीपेक्षा यंत्रं आधी मरताहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्येच चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला होता, आणि त्यात २०२५ च्या आसपासची मुदत सांगितली होती. ॲपलनं २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायर काढून टाकलं. लिनक्समध्ये २०२९ पर्यंत सांभाळायचा बेत जाहीर आहे. म्हणजे तुमच्या पीएचडीपुरता वेळ आहे, जेमतेम.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. कागदावरच्या शब्दांबरोबर टेपवरचे आवाजही जपले गेले, म्हणून आज त्या ओव्या बायांच्या गळ्यातून ऐकता येतात.

उतरवल्यावर काय?

मूळ फाइलला हात लावू नका, काटछाट प्रतीवर करा. दोन वेगळ्या जागी प्रती ठेवा आणि चेकसम काढून वहीत लिहा. आणि परवानगी! काकांनी कॅसेट दिली म्हणजे आजींचं गाणं इंटरनेटवर टाकायला मिळालं असं होत नाही. मी आजींच्या मुलीला आधी भेटलो.

चारपैकी तीन कॅसेट नीट उतरल्या. चौथीवर चौकडे पडतात आणि आवाज तुटतो. तिचं काम बाकी आहे. पण तिसरीत आजींचे बावीस मिनिटं सलग धवळे मिळाले, मध्ये कुणीतरी "अगं हळद आण" ओरडतंय तेही. मुलीनं हेडफोन लावून ऐकलं, सगळं संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन ओळी आई विसरली हायं इथं. लिहून घे, मी सांगते."

तो माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद झाला. तुमच्या घरच्या कपाटात काय आहे, एकदा बघा. अडलात तर विचारा, मला येतं तेवढं सांगेन.