सड्यावरील चार महिन्यांची तळी

गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत, आणि वर घाटमाथ्यावर चोर्ल्यापासून साताऱ्याच्या कास पठारापर्यंत, जांभ्या दगडाचे सडे ठिकठिकाणी पसरलेले आहेत. वैशाखात त्यांवरून अनवाणी चालवत नाही. गवत वाळून गेलेले असते, दगड तापलेला असतो आणि गुरेही तिकडे फिरकत नाहीत. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी असते. आणि तो एक शब्द वाचून पुष्कळ जण आपल्या सड्याची किंमत मनाशी ठरवून मोकळे होतात.

मृगाच्या सरी कोसळल्या की मात्र सारे पालटते. जांभ्याच्या पाठीवर असंख्य खळगे असतात, काही ताटाएवढे, काही अंगणाएवढे. त्यांच्या तळाशी बोट-दोन बोटे माती साचलेली असते. तीत पाणी भरते, पावसाळाभर राहते आणि ऑक्टोबर सरता सरता आटून जाते. येथे राहू इच्छिणाऱ्या वनस्पतीने चार महिने पाण्यात बुडावे व आठ महिने भाजून निघावे, अशीच जणू अट आहे. फार थोड्यांना ती मानवते. ज्यांना मानवली, त्यांना मग गर्दीचा त्रास नाही.

जेथे पाणी जरा खोल असते तेथे वायतुरा उगवतो. त्याचा जांभळट-गुलाबी तुरा वर येऊन दुभंगतो. ह्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण जगात तो आपल्या सह्याद्रीवाचून अन्यत्र आढळत नाही. पाणी आटले की पाने नाहीशी होतात आणि चिखलातील कंद पुढील पावसाची वाट पाहतो. त्याच्या शेजारी गवताच्या जुडग्यासारखी दिसणारी आयसोइटीस असते. तिला फूल नाही, बी नाही; पानांच्या बुडाशी बीजाणू असतात. पृथ्वीवर पहिले फूल उमलण्याच्या कितीतरी आधीपासून तिचे कुळ नांदत आले आहे.

काठावर, जेथे माती नुसती ओली असते, तेथे गेंदाची पांढरी बोंडे हजारोंनी डोलतात आणि त्यांतून निळी-जांभळी ‘सीतेची आसवे’ डोकावतात. हे नाव जितके कोमल, तितके त्या रोपट्याचे वर्तन कोमल नाही! पावसाने धुतलेल्या या मातीत नत्र फारच थोडे. म्हणून ते मातीखाली टाचणीच्या डोक्याहून लहान अशा पिशव्या पसरते. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दारावरील केसाला शिवला, की सेकंदाच्या शतांशाहूनही कमी वेळात तो आत ओढला जातो आणि तेथेच पचतो. जवळचे दवबिंदू नावाचे रोपटे हेच काम चिकट पानांनी उघड्यावर करते. ही सारी रोपे बहुधा एकाच हंगामाची असतात. मे महिन्यात सडा ओसाड दिसतो तेव्हा त्यांचे धुळीएवढे बी त्या चिमूटभर मातीत पडून असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियातही अशीच हंगामी तळी आहेत. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि वसंतात पाणी मागे हटू लागले की काठाकाठाने फुलांची रंगीत वर्तुळे उमटतात. त्यांपैकी बहुतांश आता नांगराखाली व वस्त्यांखाली गेली आहेत.

आपल्याकडे हे काम चिऱ्याच्या खाणी व सुरुंग लावून केलेल्या बागा करीत आहेत. कास पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. गावोगावच्या सड्यांना असे कोणी विचारत नाही. चिरे काढूच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. आपली घरे चिऱ्यांची आणि जुन्या गोव्यातील चर्चही चिऱ्यांचीच. परंतु जांभा सच्छिद्र आहे. सड्यावरचे पाणी त्यातून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. खाण बंद पडल्यावर उरलेल्या खड्ड्यातही पाणी साचते खरे, पण ते पुरुषभर खोल असते. बोटभर पाण्यात वाढणाऱ्या गेंदाला त्याचा उपयोग नाही.

ज्यांच्या दारी सड्याचा सौदा येऊन उभा आहे, त्यांना आमची एवढीच विनंती की सही करण्यापूर्वी घरच्या मुलांना घेऊन एकदा वर जावे. कोणत्या भागात पाणी साचते, ते कोठून खाली उतरते, हे नीट पाहावे. तेवढा तुकडा सौद्यातून वगळून मागता येतो. मरियामातेच्या जन्मदिनाचा सण, म्हणजे 8 सप्टेंबर, याच्या आगेमागे बहर चांगला असतो. मात्र पायवाट सोडू नये; पायाखालच्या त्या बोटभर मातीतच पुढील वर्षाचे बी असते.