वाळवंटी डोंगरातील चाकोरी

उल्हास नदीकाठच्या बेलवलीत पावसाळी चिखलात गाडीने पाडलेली चाकोरी दिवाळीपर्यंत गवताखाली दिसेनाशी होते. लडाखच्या शीत वाळवंटात तीच चाकोरी वर्षानुवर्षे राहते. लेह येथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. बदलापूर परिसरात आषाढातील एखाद्या दिवशीच तेवढा कोसळतो. सुटीत सहकुटुंब गाडी घेऊन त्या डोंगरांत मुक्कामाला जाणाऱ्यांनी हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे पोहोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती आवश्यक असते. ५,३५९ मीटरवरील खारदुंग ला खिंडीत प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याइतकाच असतो. डोकेदुखी, मळमळ वाढल्यास खाली उतरणे हाच खरा उपाय. घरातील ज्येष्ठांनी निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. बर्फ वितळून वाहणारे ओढे सकाळीच ओलांडावेत. दुपारच्या उन्हाने त्यांचे पाणी चढते. निर्जन भागात एकट्या गाडीने जाऊ नये.

मुक्कामी स्वयंपाकाचे गणितही बदलते. ४,५०० मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही; कुकर हवाच. पिण्याचे पाणी गाळून किमान तीन मिनिटे उकळावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा घरचा नियम येथे विशेष उपकारक ठरतो, कारण दिवस मावळताच थंडी झपाट्याने वाढते. मात्र उबेसाठी तंबूत शेगडी पेटती ठेवू नये. कोंडलेला विषारी वायू झोपेतच प्राण घेतो.

२०२२ मध्ये नुब्रा खोऱ्यातील हुंडर येथे वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालविल्याबद्दल लेह पोलिसांनी पर्यटकाला ५०,००० रुपये दंड केला. दंड भरून प्रकरण मिटते; चिरडलेले गवत मात्र लवकर उगवत नाही. चांगथांगच्या विरळ कुरणांवर चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या जगतात, रानगाढवे चरतात. तेथील पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. आपल्या घटकाभराच्या हौसेसाठी रुळलेली वाट सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या भांडवलाला हात घालणे होय. व्यापारी घराला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागू नये.