जलहक्क-ज्येष्ठता व जलाशय-परिचालन

जलहक्क-ज्येष्ठता व जलाशय-परिचालन : एका नदीखोऱ्यातील निरनिराळ्या पाणीवापरांपैकी जो वापर आधी सुरू अथवा मंजूर झाला, त्यास टंचाईच्या काळी नंतरच्या वापरांपूर्वी पाणी देण्याच्या तत्त्वाला जलहक्क-ज्येष्ठता म्हणतात. हे तत्त्व लागू असलेल्या खोऱ्यात धरणात पाणी केव्हा अडवावयाचे, किती सोडावयाचे आणि तूट कोणी सोसावयाची, हे पर्जन्याइतकेच हक्कांच्या क्रमावर ठरते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत हे तत्त्व रूढ झाले. कॅलिफोर्नियातील खाणवाल्यांच्या वादात १८५५ मध्ये व कोलोरॅडोत १८८२ मध्ये तेथील न्यायालयांनी ते मान्य केले. त्यानुसार कनिष्ठ हक्काच्या जलाशयाला खालच्या बाजूच्या ज्येष्ठ हक्कदाराचे पाणी न अडविता पुढे सोडावे लागते. टंचाईत सर्वांची समप्रमाणात कपात होत नाही. सर्वांत अलीकडचा हक्क प्रथम बंद होतो. याउलट इंग्लंडमधील परंपरेत पाण्याचा हक्क काठावरील जमिनीशी निगडित असून त्यात कालक्रमास महत्त्व नाही.

भारतातील स्थिती : भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याने काठावरील जमीनधारकाचा वापर मान्य केला, तसेच नद्यांच्या नियमनाचा शासनाचा अधिकारही अबाधित ठेवला. महाराष्ट्रात पाण्याचे वाटप मुख्यत्वे शासकीय मंजुरीने होते. जल नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने पाणीवापर-हक्काची संकल्पना आणली. २०११ पासून पिण्याचे पाणी, शेती व उद्योग असा क्रम आहे. हा क्रम प्रयोजनाचा आहे, काळाचा नव्हे. तथापि आंतरराज्यीय वादांत काळालाही महत्त्व मिळाले. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने सप्टेंबर १९६० मध्ये चालू वा विचाराधीन असलेल्या प्रकल्पांच्या वापरास संकल्पित वापरांपेक्षा अग्रक्रम दिला.

उल्हास खोरे : या निर्णयाचा लाभ कृष्णा खोऱ्याबाहेरील ठाणे जिल्ह्यासही झाला. टाटा समूहाच्या आंध्र प्रकल्पात ठोकरवाडी धरणाने भीमेच्या उपखोऱ्यातील पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिमेस भिवपुरी विद्युत्‌गृहात (१९२२) सोडले जाते. विद्युत्‌निर्मितीनंतरचे हे अवजल उल्हास नदीस मिळते व त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. लवादाने भीमेच्या वरच्या उपखोऱ्यातून बाहेर वळवावयाच्या पाण्यावर एका वर्षात ५४·५ अब्ज घनफूट व सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. परंतु जुने वळण कायम राहिले.

पुढे नदीवर नवे वापर वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७० च्या दशकात बारवी धरण बांधले व नंतर त्याची उंची वाढविली. बारवीचे पाणी नदीत सोडून जांभूळ येथे उचलले जाते. शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजना उल्हासचेच पाणी ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदरला पुरविते. म्हणून पावसाळ्यानंतर पुढील १५ जुलैपर्यंत पुरेल अशी आंध्र व बारवी येथील साठ्यांची सांगड घालावी लागते. भिवपुरीहून होणारा विसर्ग विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होतो, तर नळाची मागणी रोजची असते. ही तफावत बंधाऱ्यांतील साठ्याने व बारवीच्या विसर्गाने भरून काढतात. साठा अपुरा पडल्यास दैनंदिन उचल ठरवून कपात केली जाते. २०१५-१६ मध्ये आठवड्यातील ठरावीक दिवशी पुरवठा बंद ठेवावा लागला.

उत्तरेकडील भातसा धरण शासनाचे आहे. तेथे सोडलेले पाणी पिसे येथील बंधाऱ्यात अडवून मुंबई महानगरपालिका उचलते. मुंबईच्या सात तलावांच्या १४,४७,३६३ दशलक्ष लिटर उपयुक्त साठ्यापैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, भातसाचा धरला जातो. ठाणे महानगरपालिकाही भातसाचे पाणी घेते.

या क्रमाच्या शेवटी घोडबंदर रोड परिसर येतो. हा रस्ता उल्हासच्या मुखाकडील वसई खाडीला समांतर जातो, पण तेथे नदीचे पाणी भरतीमुळे खारे असते. १९९० नंतर दाट वस्ती झालेल्या या परिसराचे स्वतःचे मोठे धरण नाही. तो इतरांनी आधी मिळविलेल्या मंजुऱ्यांच्या आधारे चालणाऱ्या योजनांवर अवलंबून आहे. नव्या वसाहतींना त्यामुळे कपातीचा भार अधिक जाणवतो. टाटा धरणांचे पाणी पूर्वेकडे परत वळवावे, ही भीमा खोऱ्यातील मागणी मान्य झाल्यास उल्हासचा उन्हाळी प्रवाह घटेल. ठाण्याच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा आधार अशा रीतीने वीजनिर्मितीच्या जुन्या हक्कावर उभा आहे.

मर्यादा : ज्येष्ठतेमुळे वापरकर्त्यास निश्चितता मिळते, परंतु ज्याच्याकडे मंजुरी किंवा उपसा-योजना नाही, त्याचा वापर कितीही जुना असला तरी तो या क्रमात येत नाही. भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. गोदावरी खोऱ्यात याला पर्याय म्हणून समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले गेले. प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. तेथे तूट एकट्या शेवटच्या वापरकर्त्यावर न पडता खोऱ्यात विभागली जाते. उल्हास खोऱ्यात मात्र नवी मागणी मुख्यतः नव्या साठ्यांतून भागविण्यावर भर राहिला. काळू व शाई या नद्यांवरील नियोजित धरणांना स्थानिक आदिवासी व शेतकऱ्यांनी विरोध केला आहे.